चार झेंडावंदनांची शाळा

आमच्या शाळेत वर्षातून चार वेळा झेंडावंदन होतं. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि 1 मे हे तर सगळ्या महाराष्ट्राचेच. चौथं असतं 17 सप्टेंबरचं. 1948 साली त्या दिवशी निजामाची राजवट संपली आणि हैदराबाद संस्थानाबरोबर आमचा मराठवाडा भारतात आला. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, म्हणजे विदर्भ. तिथल्या शाळेत त्या दिवशी नेहमीसारखी घंटा होते आणि गणिताचा तास भरतो. नदीपलीकडच्या मामाच्या गावी शिकणाऱ्या भावंडांना आमची पोरं हे ऐटीत सांगतात. त्यांच्या लेखी हिशोब साधा आहे: एक झेंडा जास्त, एक खाऊ जास्त.

जूनमध्ये मात्र ऐट उतरते. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात, आमची मराठवाड्याची म्हणून जूनच्या मध्यालाच. ऊन काही नदी बघून थांबत नाही. पत्रे तापलेले, हातपंपाला पाणी उतरलेलं, आणि नव्या पहिलीचं स्वागत फुगे-फुलं लावून करायचं. आमच्या माहूर तालुक्याचं बरंचसं असंच आहे. जिल्ह्याचं ठिकाण नांदेड, ते सव्वाशे किलोमीटरवर. यवतमाळ त्याहून जवळ. एका अंगाला तेलंगण. पूर्वी हा भाग किनवट तालुक्यात होता. बाहेरच्यांना माहूर म्हटलं की रेणुकेचा गड, दत्तशिखर, अनसूयामातेचं मंदिर आठवतं. गडावरून खाली बघितलं की सागाच्या जंगलात मधेमधे जे पांढुरके ठिपके दिसतात, त्यांतला एखादा आमच्या शाळेचा पत्रा समजा. शाळेचं नाव मी लिहीत नाही. अशा शाळा या तालुक्यात पुष्कळ आहेत.

मी उदगीरकडची. शिक्षणसेवक म्हणून इकडे नेमणूक मिळाली, तेव्हा माहेरच्यांनी नकाशात माहूर शोधलं आणि आईनं रेणुकेला नारळ बोलला. लातूरकडे शाळा म्हणजे निकाल. ‘लातूर पॅटर्न’चं नाव राज्यभर झालेलं, कुणाचं पोरगं किती टक्क्यांनी पास झालं हे चुलत-मावस घरांतही पाठ असतं. माझी जाऊ अजूनही दर दिवाळीत विचारते, “औंदा नवोदयला किती लागले तुमचे?” एखाद्या वर्षी एक लागतो, एखाद्या वर्षी कुणीच नाही. तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. शाळेच्या फाटकातून दिवसभरात किती मोठी माणसं आत येतात, हे विचारलं असतं तर सांगता आलं असतं. जिल्हा परिषदेची शाळा जिवंत आहे की नुसती उघडी आहे, हे मी तरी त्यावरून ओळखते.

पहिली ते आठवीची शाळा आहे. मूळ गावातली पोरं येतात, दोन बंजारा तांड्यांवरची येतात आणि डोंगराच्या कुशीतल्या कोलामपोडावरची येतात. गावात आंध समाज बराच, काही मराठा, बौद्ध, मुसलमान घरं. पहिलीच्या वर्गात एका सतरंजीवर गोरमाटी, कोलामी आणि मराठी अशा तीन भाषा बसलेल्या असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की शक्य असेल तिथवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेतून असावं. ‘शक्य असेल तिथवर’ म्हणजे आमच्याकडे दुसरी-तिसरीतल्या पोरी. त्या लहान्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात सगळं उलगडून सांगतात. सुरुवातीला त्यांना गप्प बसवायची रीत होती, ती मीही पाळत असे. पुढे एका जुन्या गुरुजींनी सांगितलं, “बाई, त्याच तुमच्या खऱ्या मदतनीस, त्यांना बोलू द्या.” तेव्हापासून पहिलीत गोंगाट असतो आणि दिवाळीपर्यंत वाचन सुरू होतं.

सकाळचा परिपाठ राज्यभर सारखाच. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष. प्रतिज्ञा म्हणताना मला एक गोष्ट सांगायला आवडते. ती मुळात तेलुगूत लिहिली गेली, 1962 साली, पैडीमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्यानं. आमच्या पोरांचे आदिलाबादकडे सोयरे आहेत, बाजारापुरतं तेलुगू बऱ्याच जणांना येतं. ‘भारत माझा देश आहे’ हे आधी त्या भाषेत म्हटलं गेलं, याचं त्यांना काही विशेष वाटत नाही. विशेष मलाच वाटतं.

साडेदहाच्या सुमाराला स्वयंपाकाच्या खोलीतून धूर निघायला लागला की वर्गातलं लक्ष तिकडे. या खिचडीची जन्मकथा लांबलचक आहे. 1995 साली केंद्रानं शाळेतल्या मुलांसाठी योजना आणली, तेव्हा आमच्याकडे पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. सर्वोच्च न्यायालयानं 2001 साली शिजवून वाढायचा आदेश दिला आणि मग चुली पेटल्या. पाचवीपर्यंतच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम, 700 कॅलरी, 20 ग्रॅम प्रथिनं. आमच्याकडे पाचवीतला एक पोरगा आठवीतल्या दोघांना भारी पडतो, हे त्या कोष्टकाला कुणी सांगितलेलं नाही.

खिचडीवाल्या मावशींचं मानधन महिन्याला 2500 रुपये. मध्यंतरीपर्यंत ते 1500 होतं. एवढ्या पैशात त्या दीडशे ताटांचा स्वयंपाक, भांडी, सरपणाची व्यवस्था आणि अर्ध्या पोरांचं रडगाणं सांभाळतात. कुणाचं पोट दुखतंय आणि कुणाचं दुखल्याचं सोंग आहे, हे मला कळायच्या आधी त्यांना कळतं. गणवेशाची गुंडी तुटली की पोरी माझ्याकडे येत नाहीत, चुलीकडे जातात. मावशींच्या पदराला सुई-दोरा कायम टोचलेला असतो.

वाढायच्या आधी अन्न चाखून नोंद करायची असते. त्या वहीला चव नोंदवही म्हणतात. शिक्षकानं चाखायचं आणि पालकानंही. बऱ्याच ठिकाणी ‘चव चांगली’ असं वरून खालपर्यंत एकाच हातानं एकाच शाईत लिहून ठेवतात. तपासणीला तेवढं पुरतं. आमच्या वहीत मात्र काय काय सापडेल सांगता येत नाही. ‘मीठ कमी.’ ‘वाटाणा कच्चा.’ ‘आज बरी.’ एका आजीनं अंगठा लावून माझ्याकडून लिहवून घेतलं: ‘तिखट लेकरांच्या मानानं जास्त, मोठ्यांच्या मानानं बरोबर.’ पाळीनं एकेका घरचं माणूस येतं. मला विचाराल तर या योजनेतली सगळ्यात हुशारीची कल्पना ही वही आहे. कारण चव घ्यायला आलेली बाई नुसती चव घेऊन जात नाही. ती वर्गात डोकावते, आपली पोरगी कुठं बसते ते बघते, संडासाला कडी नाही हे बघते, आणि संध्याकाळी ते सगळ्या तांड्याला ठाऊक असतं.

पंगत एक असते. हे लिहिताना मला जरा थांबावंसं वाटतं, कारण ते सुरुवातीला इतकं सरळ नव्हतं. मी आले तेव्हा काही घरं डबे धाडायची. चुलीवर कोण आहे हे बघून. त्यावर शाळेत कुणी भाषण दिलं नाही, ठराव केला नाही. गरम खिचडीचा वास आणि शेजारच्याच्या ताटातली वाफ, यापुढे डब्यातली गार भाकरी फार दिवस टिकत नाही. एकेक करून डबेवाली पोरं ताट घेऊन रांगेत आली. घरी अजूनही वेगळं चालतं हे मला माहीत आहे. पोरांनाही माहीत आहे. बारा वाजता मात्र सगळी एका ओळीत मांडी घालून बसतात आणि ‘अजून वाढा’ म्हणतात.

श्रावणात तांड्यावर तीज बसते. लग्न न झालेल्या पोरी बांबूच्या टोपल्यांत वारुळाची माती आणि शेणखत भरून गहू पेरतात, रोज पाणी घालतात, तांड्याचा प्रमुख म्हणजे नाईक, त्याच्या अंगणात जमून गाणी म्हणतात. गोकुळाष्टमीच्या सुमाराला विसर्जन. त्या दिवसांत सातवी-आठवीच्या मुली डोळे चोळत वर्गात येतात, कारण रात्री उशिरापर्यंत गाणी चाललेली असतात. हजेरीपटावर हे ‘अनियमित उपस्थिती’ या रकान्यात जातं. एका वर्षी विज्ञानात बीज अंकुरणाचा पाठ नेमका श्रावणात आला. मी काचेच्या ग्लासात कापूस घालून मटकी ठेवणार होते. तांड्यावरच्या दोघी म्हणाल्या, “बाई, त्यात काय बघायचं, आमच्याकडं या की.” सगळा वर्ग घेऊन गेलो. कोणती माती चाळून घ्यायची, गहू आधी किती वेळ भिजवायचा, पाणी जास्त झालं तर काय होतं, हे त्या दोघींनी शिकवलं. वहीत आकृती मी काढून घेतली. गावातला एक मुलगा म्हणाला, आमच्याकडं नवरात्रात घट बसतो त्यातही असंच धान पेरतात. कोलामपोडावरच्या मुलानं बराच विचार करून सांगितलं, आमच्याकडं असं नसतं, पण दिवाळीत दंडारीचा नाच असतो, त्याला या. गेलो. तिथं शिकवण्यासारखं काही सापडलं नाही, नुसतं बघितलं.

नवरात्रात आणि दत्तजयंतीला गडाच्या पायथ्याच्या वाड्यांवरची पोरं गायब असतात. घरचं कुंकवा-नारळाचं दुकान किंवा तांबुलासाठी विडे कुटायचं काम. राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला तर शाळेच्या आवारातच यात्रेकरू पाणी प्यायला थांबतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाचा हंगाम. फुलं पहाटे गळतात, उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात, आणि आमची शाळा तेव्हा सकाळची असते. साडेसातच्या घंटेला निम्मा वर्ग नाही. आठला येतात ती हातांना, केसांना, दप्तरांना तो गोड-आंबूस वास घेऊनच. आधीच्या मुख्याध्यापकांनी उशिरा येणाऱ्यांना फाटकाबाहेर उभं करून बघितलं. परिणाम एवढाच झाला की ती उभी न राहता परत जंगलात गेली. आता त्या महिन्यांत आम्ही पहिला तास चित्रकला-खेळाचा ठेवतो आणि गणित नंतर घेतो. वेळापत्रकाला काय, आपणच आखलेलं असतं.

खरी परीक्षा दसऱ्यानंतर. ऊसतोडीचा मुकादम उचल देतो, नवरा-बायकोचा कोयता ठरतो, आणि एका रात्रीत ट्रकभर माणसं साखर कारखान्यांच्या फडावर निघून जातात. तांड्यावर म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं राहतात. पोरं गेली तर मार्च-एप्रिलशिवाय परत नाहीत. नियमानं आम्ही त्यांना शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं. फडावरचं पोरगं कार्ड दाखवून नव्या गावच्या शाळेत जाऊन बसतं, असं कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात ते धाकट्या भावाला सांभाळत कोपीपाशी बसतं.

त्यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृह असतं. नाव वसतिगृह, पण इमारत नाही. मुलं आजी-आजोबांपाशी झोपतात. सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत, समितीमार्फत. हे चालवायचं म्हणजे ऑक्टोबरात दारोदार जाऊन आई-बापांना पटवायचं, “पोरीला ठेवून जा.” ते पैशाचं विचारत नाहीत. विचारतात, रात्री ताप आला तर? एका बापानं मला विचारलं, “बाई, तुमी इथं ऱ्हाता का रातीला?” मी माहूरला राहते. खोटं बोलता आलं नाही. मागं उभा असलेला म्हातारा नाईक म्हणाला, “बाई नसंल, मी हाय ना.” पोरगी राहिली. त्या हिवाळ्यात नाईकबाबा रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर घोंगडी टाकून बसायचे. पोरांची जेवणं होईस्तोवर. मग कंदील नाही, मोबाइलची बॅटरी पेटवून पुढे, मागे पोरांची रांग. हळूहळू इतर म्हाताऱ्याही येऊ लागल्या. कुणी भाकरी थापायला हात लावला, कुणी पोरांना गोष्टी सांगितल्या. आम्ही ‘अभ्यासिका’ म्हणून जी वेळ दाखवली होती ती बहुतेक गोष्टींतच गेली. त्या वर्षी आमच्या चौथीच्या पोरांचं भाषेतलं बोलणं जे सुटलं, ते मी शिकवून सुटलेलं नव्हतं.

म्हातारी माणसं शाळेत येण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते कुठल्याच शैक्षणिक अहवालात नसतं. आमचं जुनं प्रवेश-निर्गम रजिस्टर. जातीचा दाखला काढायचा तर पूर्वजांचा पुरावा लागतो: अनुसूचित जमातीला 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 1961 पूर्वीचा. आंध, गोंड, कोलाम, बंजारा, सगळ्यांची गाठ शेवटी शाळेच्या त्या खाकी पुठ्ठ्याच्या वहीशी पडते. निजामाच्या काळात सरकारी शिक्षण उर्दूतून चाले, आणि खेड्यात शाळाच मुळात विरळ. मराठवाड्यातल्या जुन्या शाळांची रजिस्टरं उर्दूत, मोडीत आहेत. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ती वाचणारे जाणकार शोधावे लागले. आमचं पहिलं रजिस्टर मराठीच आहे. त्यात एकेका आडनावाला तीन-तीन तऱ्हेनं लिहिलंय आणि अर्ध्या गावाचा जन्म 1 जूनचा आहे. नातवाच्या प्रवेशासाठी आलेले आजोबा आपल्याच नावावर बोट ठेवून खूश होतात. पुढच्या रकान्यात ‘शाळा सोडल्याचे कारण: गुरे राखणे’ असं असतं. तेही मोठ्यानं वाचून दाखवायला लावतात.

शासनाच्या योजनांबद्दल मी कुरकुर करणार नाही. एकच सांगते. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना हजेरीबद्दल रोज एक रुपया मिळतो, वर्षाला जास्तीत जास्त 220. योजना 1992 ची. तेव्हा रुपयात काहीतरी येत असे. मुलीच्या बँक खात्यासाठी आईची एक दिवसाची मजुरी बुडते आणि वाई बाजारापर्यंतचं जीपभाडं जातं, ते वेगळंच.

स्नेहसंमेलन जानेवारीत. मागं साड्यांचा पडदा, पुढं सतरंज्या, एक भाड्याचा कर्णा. लेझीम होते, तांड्यावरच्या पोरींचा आरशांच्या कपड्यांतला नाच होतो, आठवीची पोरं दारूबंदीचं नाटक करतात आणि दारुड्याचं काम सगळ्यात छान वठतं. खरा कार्यक्रम मात्र बक्षिसांचा. एखाद्याला नाच आवडला की तो नोट घेऊन माइककडे येतो आणि आमचे सर पुकारतात: “नाईकांकडून लेझीम पथकाला 51 रुपये!” टाळ्या. “सरपंचताईंकडून शंभर!” टाळ्या. कोलामपोडावरच्या एका बाईनं लुगड्याच्या गाठीतून दहाची नोट काढून दिली. सरांनी तीही तेवढ्याच जोरात पुकारली. हे पैसे वहीत लिहिले जातात, आणि पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी विचारतोच, ढोलकीचे किती झाले? आमचा पाण्याचा फिल्टर, दोन सतरंज्या, वाचनालयाचं कपाट, सगळं या नोटांतून उभं राहिलंय. वरून आलेल्या टॅबचं काय झालं हे कुणी विचारत नाही. ढोलकीचा हिशोब मात्र सगळ्यांना पाठ.

म्हणून मला पट कमी होण्याची भीती वेगळ्या कारणानं वाटते. अलीकडे पिवळी गाडी येते. बरी परिस्थिती असलेली घरं पोरांना इंग्रजी शाळेत धाडतात. त्यांना दोष देत नाही. माझी स्वतःची मुलं कुठं शिकली हे मला कुणी विचारू नये. पण पोर गेलं की त्याच्या घरची चव घ्यायची पाळी जाते, बक्षिसाची नोट जाते, आणि सभेत उठून बोलणारा एक माणूस जातो. जो बोलू शकतो तोच आधी जातो.

सभा म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीची. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बाया. कित्येक ठिकाणी ही समिती रजिस्टरात भरते आणि सह्यांसाठी शिपाई घरोघर फिरतो. आमच्याकडेही काही वर्षं तसंच होतं. बदल झाला तो सभा अमावास्येला घ्यायला लागल्यापासून. त्या दिवशी शेतात औत जुंपत नाहीत, माणसं मोकळी असतात. एवढं साधं गणित कुठल्याही प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं, खिचडीवाल्या मावशींनी सांगितलं.

मागच्या अमावास्येला बाया बोलायला लागल्या तेव्हा मुख्याध्यापकांचे विषय बाजूला राहिले. आठवीनंतर नववी बाजाराच्या गावी. सकाळची एसटी शाळा भरल्यावर पोचते, संध्याकाळची अंधार पडल्यावर निघते. मधल्या जंगलाच्या रस्त्यानं पोरी पायी येणार कशा? दोन घरांनी नववीच्या वयात मुलीचं लग्न जमवायला सुरुवात केली होती, तेही तिथंच उघडं पडलं. एका आईनं दुसरीला सगळ्यांदेखत विचारलं, “घाई कशापायी?” ती गप्प. आठवीची बालप्रतिनिधी पोरगी कोपऱ्यात बसली होती. तिनं वहीतून वेळापत्रक काढलं: गाडी अर्धा तास आधी आली तर सगळ्यांचा पहिला तास मिळतो, असं तिनं स्वतः थांब्यावर उभं राहून लिहून आणलं होतं. ठराव तिच्याच अक्षरात लिहिलाय. खाली सह्या आणि अंगठे मिळून अठ्ठावीस, समितीत एवढी माणसं नाहीतच. बाकीचे बाहेर ओट्यावर बसलेले आत येऊन सह्या करून गेले. अर्ज दिलाय. पुढच्या अमावास्येला पहिला विषय तोच आहे, आणि दुसरा, संडासाची कडी.